नवी रिलीज चढते, पण अपडेट येत नाही: व्हर्जन नंबरच्या चुका अपलोडआधी पकडणाऱ्या तपासण्या

लक्षण नेहमी तेच असतं. पाइपलाइन (बिल्ड, चाचण्या आणि अपलोड आपोआप चालवणारी साखळी) हिरवी, पॅकेज रेपॉझिटरीत चढलेलं, चेंजलॉगही नीट, आणि तरी वापरणाऱ्यांच्या मशीनवर अपडेट पोचत नाही. अपडेटची कमांड दिली की उत्तर येतं, 'सर्वांत नवी आवृत्ती आधीच बसवलेली आहे.' कधी याच्या उलट होतं. फक्त चाचणीसाठी काढलेलं आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे पक्क्या रिलीजआधीचं व्हर्जन) सगळ्यांच्या मशीनवर जाऊन बसतं आणि पक्की रिलीज आली तरी जागचं हलत नाही. मग कोणीतरी हाताने नंबर वाढवून पॅकेज पुन्हा काढतं, तक्रारी थांबतात, आणि काही रिलीजनंतर तीच तक्रार नव्याने दारात.

ती पुन्हा येते, कारण दरवेळी नंबर दुरुस्त होतो, तपासणी तशीच राहते. बहुतेक पाइपलाइनींमध्ये व्हर्जनसाठी एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा) लिहिलेलं असतं: तीन आकडे, मध्ये टिंबं. नंबर दिसतो कसा, एवढंच ते बघतं. पॅकेज मॅनेजरला दिसण्याशी देणंघेणं नसतं. हा नंबर मशीनवरच्या नंबरापेक्षा मोठा आहे का, एवढंच तो विचारतो, आणि 'मोठा' कशाला म्हणायचं हे स्वतःच्या नियमाने ठरवतो. अपलोड करण्याआधी आपणही तेच विचारायला हवं, आणि तेही त्याच्याच नियमाने.

आधी निदान

अडकलेल्या मशीनवरचा नंबर घ्या, नव्या पॅकेजचा घ्या, आणि जिथे पॅकेज जाणार आहे तिथल्या साधनालाच त्यांची तुलना करू द्या. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सांसाठी डीपीकेजी या पॅकेज साधनामध्ये दोन व्हर्जनची तुलना करणारा पर्याय आहेच. आरपीएमच्या (फेडोरा, रेडहॅट वगैरेंच्या पॅकेज पद्धतीच्या) जगात आरपीएमडेव्ह-व्हरकंप आहे. पायथॉनसाठी 'पॅकेजिंग' ही लायब्ररी, जावास्क्रिप्टच्या एनपीएमसाठी 'सेमव्हर' हे मॉड्यूल. डोळ्यांनी तुलना करू नका. ग्नूच्या सॉर्टचा व्हर्जन पर्याय घाईत बघायला बरा, पण निकाल त्याच्यावर सोडू नका. अपडेट करायचं की नाही हे शेवटी तो ठरवत नसतो.

डोळे का फसतात, यासाठी २.०आरसी१ आणि २.० ही जोडी घ्या. पायथॉनच्या पेप ४४० नियमाप्रमाणे आरसी लहान, पक्कं व्हर्जन मोठं. सगळं अपेक्षेप्रमाणे. हीच अक्षरं डेबियनच्या पॅकेजला दिली की २.०आरसी१ मोठं ठरतं, कारण तिथे शेपटीला अक्षरं लागली की नंबर वाढतो. आरपीएममध्येही तेच, ज्याचे तुकडे जास्त तो मोठा. सेमव्हर या एनपीएम वगैरेंच्या नंबर-नियमामध्ये तर २.०.०आरसी१ हा वैध नंबरच नाही, मध्ये आडवी रेघ लागते. बरं, तीच रेघ डेबियनला चालेल म्हणून २.०-आरसी१ लिहिलं, तर डेबियन रेघेनंतरचा भाग पॅकेजिंगची पुनरावृत्ती समजतो, आणि २.०-आरसी१ हे २.०-१ पेक्षाही मोठं निघतं.

डेबियन आणि आरपीएम दोन्हीकडे इलाज एकच: तरंगरेघ. २.०~आरसी१ हे २.० च्या आधी येतं, कारण तरंगरेघ रिकाम्या शेपटीपेक्षाही लहान मानली जाते. आरपीएममध्ये ही सोय ४.१० पासून आहे. पक्क्या रिलीजनंतरच्या स्नॅपशॉटसाठी तिथे टोपीचं चिन्हही (^) आहे, ते ४.१५ पासून. म्हणजे एकाच सोर्समधून तीन ठिकाणी पॅकेज जात असेल तर नंबरही तीन वळणांनी लिहावा लागतो. सगळीकडे एकच स्ट्रिंग ढकलायचा आग्रह हाच अनेक घोळांचा उगम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

नेहमीचे गुन्हेगार

सर्वांत जास्त वेळ खाणारा गुन्हेगार म्हणजे गिट डिस्क्राइब, जवळचा टॅग आणि त्यानंतरचे कमिट सांगणारी गिटची कमांड. टॅगवरून नंबर आपोआप काढायचा म्हणून ही कमांड लावली जाते, आणि १.४.२ या टॅगनंतर सात कमिट झालेले असले की ती १.४.२-७-जी३एफए९सी१डी असं उत्तर देते (शेवटचा भाग कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण). माणूस वाचतो, '१.४.२ नंतरचं सातवं.' सेमव्हर वाचतो, '१.४.२ च्या आधीचं पूर्वव्हर्जन.' रेघेनंतर जे येतं ते सेमव्हरमध्ये मूळ नंबराला लहान करतं, त्यामुळे ही नवी बिल्ड जुन्या पक्क्या रिलीजपेक्षा खाली जाते. गंमत इथेच संपत नाही. पुढे पाच कमिट आले की शेपूट '१२-जी…' होतं. '७-जी…' आणि '१२-जी…' यांत अक्षरं मिसळलेली असल्यामुळे सेमव्हर त्यांची तुलना संख्या म्हणून न करता अक्षर म्हणून करतो. एक सातच्या आधी येतो, म्हणून बारावी बिल्ड सातवीपेक्षा जुनी ठरते. आरपीएमला व्हर्जनच्या रकान्यात आडवी रेघ चालतच नाही आणि पेप ४४० हा नंबर नाकारतो. ते एका अर्थी बरंच, निदान चूक तिथल्या तिथे दिसते.

यावरचा उपाय म्हणजे पुढचा नंबर आधीच धरायचा आणि मोजणी टिंबाने वेगळी ठेवायची: सेमव्हरसाठी १.४.३-डेव्ह.७, पायथॉनसाठी १.४.३.डेव्ह७. सेटअपटूल्स-एससीएम मुळातच असं करतं. ते अधिकचं चिन्ह देऊन मागे हॅशही जोडतं, आणि अशी स्थानिक शेपटी असलेलं पॅकेज पायपीआय (पायथॉनचं सार्वजनिक पॅकेज भांडार) घेत नाही. तेव्हा सार्वजनिक अपलोडसाठी ती काढावी लागते.

गिट डिस्क्राइबचे आणखी दोन खोडसाळपणे आहेत. एक, ती कमांड साधे टॅग मुळात धरत नाही, संदेशासह केलेले टॅगच धरते. साधेही हवे असतील तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. दोन, सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) कोड बहुतेक वेळा उथळ क्लोनने, म्हणजे अपुऱ्या इतिहासासह येतो. गिटहब अॅक्शन्सचं चेकआउट मुळात फक्त एकच कमिट आणतं. टॅगच आले नाहीत तर नंबर काढणारं साधन काहीतरी ०.१ सारखं राखीव उत्तर देतं आणि बिल्ड निमूटपणे पुढे जातो. कोणाच्या लॅपटॉपवर हे कधीच घडत नाही, म्हणून 'माझ्याकडे तर बरोबर येतंय' ही चर्चा दिवसभर चालते. पूर्ण इतिहास आणि टॅग आणा, आणि शिवाय एक तपासणी लावा: रिलीजच्या बिल्डमध्ये टॅग सापडला नाही तर तिथेच थांबायचं, राखीव उत्तर चालवून घ्यायचं नाही.

हॅशवरून आठवलं. कधीतरीच फुटणारा आणि पुन्हा चालवला की पास होणारा बिल्ड असेल तर नंबरात नुसता हॅश जोडलाय का ते बघा. सेमव्हरमध्ये पूर्वव्हर्जनचा जो तुकडा निव्वळ आकड्यांचा असतो त्याच्या सुरुवातीला शून्य चालत नाही. सात अक्षरी हॅश योगायोगाने सगळा आकड्यांचा आणि शून्याने सुरू होणारा निघण्याची शक्यता साधारण २७० मध्ये एक आहे. इतकी कमी की चाचणीत सापडत नाही, इतकी जास्त की रोज बिल्ड करणाऱ्या संघाला ती गाठतेच. हॅशच्या आधी 'जी' हे अक्षर लावलं की तुकडा आकड्यांचा राहत नाही. गिट डिस्क्राइबही ते लावतं. आणि क्रम ठरवण्यासाठी हॅशवर कधीच विसंबू नका. त्याला क्रमच नसतो.

पुढचा गुन्हेगार यॅमल, सेटिंगच्या फाइली लिहायची एक पद्धत. व्हर्जनच्या पुढे अवतरणचिन्हांशिवाय १.१० लिहिलं की यॅमल त्याला दशांश संख्या समजतो आणि पुढे १.१ पाठवतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथॉन ३.१० आलं तेव्हा कित्येक पाइपलाइनींनी ३.१ मागितलं, ते यामुळेच. हेल्मच्या (कुबरनेटिसच्या पॅकेज साधनाच्या) चार्टमधला अॅपचा नंबर, कंटेनरचा टॅग, अवलंबित पॅकेजची किमान आवृत्ती, सगळीकडे हा सापळा आहे. नऊपर्यंत सगळं सुरळीत चालतं, दहाव्या रिलीजला पाय घसरतो. डोळे वटारून वाचण्यात अर्थ नाही. फाइल पार्स करा, त्या रकान्याचा प्रकार स्ट्रिंग आहे का ते विचारा, नसेल तर बिल्ड पाडा.

दशांश पद्धतीने नंबर देणारे लेखकही असतात, पर्लच्या मॉड्यूलमध्ये ही रीत जुनी आहे. त्यांच्या लेखी १.१५ नंतर १.२ येतो, कारण १.२० हे १.१५ पेक्षा जास्त. डीपीकेजी आणि आरपीएम टिंबांमधले आकडे पूर्णांक म्हणून वाचतात, म्हणून त्यांच्या लेखी पंधरानंतर दोन म्हणजे मागे जाणं. अशा मूळ प्रकल्पाचं पॅकेज करत असाल तर दशांशाची घरं ठरवून घ्या आणि शून्य भरून लिहा. (डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमचा नंबर पाय (π) या संख्येकडे सरकत जातो, २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. दिसायला विचित्र, पण दरवेळी एक आकडा वाढत असल्याने पूर्णांक म्हणून वाचलं तरी क्रम बिघडत नाही.)

वितरणाचं टोपणनाव नंबरात घालण्याची सवयही घातक आहे. एकच पॅकेज डेबियनच्या अनेक आवृत्त्यांसाठी बांधताना शेवटी ~बस्टर, ~बुलसआय, ~बुकवर्म असं जोडलं जातं. ही १०, ११ आणि १२ या आवृत्त्यांची नावं. रोमन वर्णक्रमाने लावली तर बुकवर्म पहिलं, मग बुलसआय, मग बस्टर, म्हणजे नेमकी उलटी. मशीन दहावरून अकरावर नेलं की तुमचं पॅकेज जुनंच राहतं, कारण जुन्याचा नंबर मोठा. डेबियन स्वतः सुरक्षा अपडेटला +डेब१२यू१ आणि बॅकपोर्टला ~बीपीओ१२+१ असं आकड्यांनिशी लिहितं. तसंच लिहा.

विंडोज इन्स्टॉलरवाल्यांसाठी थोडक्यात: एमएसआय तुलनेत पहिले तीनच आकडे बघतो. चौथा आकडा वाढवून अपग्रेडची वाट बघणं व्यर्थ आहे. शिवाय पहिल्या दोन आकड्यांना २५५ ची आणि तिसऱ्याला ६५५३५ ची मर्यादा आहे, म्हणून २०२४ सारखं वर्ष पहिल्या घरात बसत नाही.

तपासण्या कुठे आणि कशा लावायच्या

मुख्य तपासणी एकच: आतापर्यंत प्रसिद्ध झालेल्या नंबरांची यादी आणायची, त्यातला सर्वांत मोठा काढायचा, नवा त्याहून मोठा नसेल तर अपलोड अडवायचा. लिहायला दहा-पंधरा ओळी लागतात. पण त्या ओळींमध्येच चुका दडून बसतात, म्हणून जरा थांबून बघू.

यादी रेपॉझिटरीतून किंवा रजिस्ट्रीतून आणा, गिटच्या टॅगवरून नको. टॅग पडून रिलीज झालेलीच नाही, असे टॅग कोणत्याही जुन्या प्रकल्पात सापडतात. मागे घेतलेले नंबरही यादीत धरा. रजिस्ट्रीने ते लपवले तरी कोणाच्या तरी मशीनवर ते बसलेले असतात.

सर्वांत मोठा नंबर काढताना यादीची शेवटची ओळ उचलू नका. ती तारखेप्रमाणे किंवा अक्षरांप्रमाणे लागलेली असते, आणि अक्षरांप्रमाणे १.९ हा १.१० च्या पुढे. इथेही त्या-त्या ठिकाणचं तुलनेचं साधनच वापरा.

रजिस्ट्रीने उत्तर दिलं नाही तर? मी बघितलेल्या स्क्रिप्टांमधला हा सर्वांत सामान्य दोष आहे: नेटवर्क तुटतं, यादी रिकामी येते, रिकाम्या यादीपुढे कोणताही नंबर मोठाच, तपासणी पास. यादी मिळाली नाही तर बिल्ड पडलाच पाहिजे. अगदी पहिल्या रिलीजला यादी खरोखरच रिकामी असते, त्यासाठी वेगळा पर्याय ठेवा, जो माणसाने मुद्दाम द्यावा लागेल.

तपासणीचा संदेशही नीट लिहा. 'व्हर्जन अवैध' वाचून कोणालाच काही कळत नाही. असं काहीसं हवं:

अपलोड थांबवला. नवा नंबर: १.४.२-१२-जी०बी७ई२४१. प्रसिद्ध झालेला सर्वांत मोठा: १.४.२. सेमव्हरप्रमाणे नवा लहान आहे. टॅगनंतरची बिल्ड असेल तर १.४.३-डेव्ह.१२ वापरा.

एवढं लिहिलं की रात्री उशिरा रिलीज करणाऱ्याला कोणाला उठवावं लागत नाही.

जुनी शाखाही चालू असेल तर 'सर्वांत मोठ्यापेक्षा मोठा' ही अट चुकीच्या जागी अडवते. २.० निघाल्यावर १.९.४ ही सुरक्षा दुरुस्ती काढणं पूर्ण रास्त आहे. तेव्हा तुलना त्या मालिकेपुरती करा, १.९ ची १.९ शी. एनपीएमवर मात्र इथे एक खाचखळगा होता. टॅग न देता १.९.४ प्रसिद्ध केलं की 'लेटेस्ट' हा टॅग त्याच्यावर सरकायचा, आणि नव्याने बसवणाऱ्याला जुनी मालिका मिळायची. एनपीएम ११ पासून असं लहान व्हर्जन स्पष्ट टॅग दिल्याशिवाय जात नाही. जुना क्लायंट वापरत असाल तर ही अट तुमच्या पाइपलाइनमध्ये लिहा.

तपासणी मर्जच्या आधी चालवा, म्हणजे चूक लवकर दिसते. पण तेवढ्यावर थांबू नका. दोन जण दोन शाखांवर १.४.३ लिहितात, दोघांचीही तपासणी हिरवी, कारण तेव्हा १.४.३ प्रसिद्ध झालेलं नसतं. दुसरा मर्ज झाला की गोंधळ. म्हणून तीच तपासणी अपलोडच्या अगदी आधी पुन्हा, आणि एका वेळी एकच अपलोड चालेल अशा कुलपासह.

दुसरी तपासणी बांधून झालेल्या फाइलवर चालते. सोर्समध्ये काय लिहिलंय ते विसरा. तयार पॅकेज उघडा, त्याच्या मेटाडेटातला नंबर वाचा, तो फाइलच्या नावाशी, टॅगशी, चेंजलॉगच्या पहिल्या नोंदीशी आणि प्रोग्रॅम स्वतः छापतो त्या नंबराशी जुळवा. नंबर चार ठिकाणी हाताने लिहिला जात असेल तर कधी ना कधी तीनच ठिकाणी बदलणार. एकाच ठिकाणी लिहून बाकीचं तिथून काढणं उत्तम, पण तसं केलं तरी ही तपासणी काढू नका. कॅशमधून जुनी बिल्ड उचलली गेल्याचं फक्त हीच सांगते.

तिसरी, जी फारसं कोणी लावत नाही आणि लावायला हवी: नंबरांची शिडी. एका फाइलमध्ये तुमच्या पद्धतीने येऊ शकणारे नंबर चढत्या क्रमाने लिहा. १.९.०, १.१०.०~आरसी१, १.१०.०~आरसी९, १.१०.०~आरसी१०, १.१०.०, मग सुरक्षा दुरुस्ती, मग पुढचं डेव्ह. लागोपाठच्या प्रत्येक जोडीसाठी त्या ठिकाणच्या साधनाला विचारा, दुसरा मोठा आहे ना? सेमव्हरमध्ये 'आरसी१०' हे 'आरसी९' च्या खाली जातं आणि 'आरसी.१०' हे 'आरसी.९' च्या वर, हे अशी शिडी पहिल्याच दिवशी दाखवते. नंबर देण्याची पद्धत बदलायची झाली तर आधी शिडीत बदल करा, मग पाइपलाइनमध्ये.

डेबियनचं लिंटियन हे पॅकेज तपासणारं साधनही यातलं बरंच पकडतं: आरसी पक्क्या नंबरापेक्षा मोठं ठरतंय, डेबियनच्या स्वतःच्या (नेटिव्ह) पॅकेजच्या नंबरात रेघ आलीय, इपॉक (नंबराच्या आधी लावायचा, बाकी सगळ्यावर मात करणारा आकडा) बदलला पण कारण लिहिलं नाही. ते फुकट मिळतं, चालवा. फक्त रेपॉझिटरीत आधी काय प्रसिद्ध झालंय याची तुलना त्याच्यावर सोडून निश्चिंत होऊ नका.

बदल मोठा आणि नंबर छोटा, ही चूक वेगळ्या जातीची. रस्टसाठी कार्गो-सेमव्हर-चेक्स आधीच्या रिलीजशी सार्वजनिक एपीआय ताडून बघतं, एल्मचं साधन तर नंबर स्वतःच ठरवतं. काढून टाकलेलं फंक्शन, बदललेला प्रकार हे यातून दिसतं. फंक्शनची सही तीच राहून आतलं वागणं बदललं तर ते अशा साधनाला कळत नाही. म्हणून 'तुटलं' हा त्याचा निकाल माना, 'काही तुटलं नाही' हा नको.

चुकीचा नंबर बाहेर गेलाच असेल तर

तोच नंबर पुन्हा वापरण्याचा मोह आवरा. पायपीआयवर फाइल काढून टाकली तरी त्याच नावाची फाइल पुन्हा चढत नाही, एनपीएमवरही एकदा वापरलेला नंबर कायमचा गेला. गो भाषेमध्ये टॅग हलवला की चेकसम जुळत नाही आणि वापरणाऱ्यांचे बिल्ड पडतात. पायपीआयवर यँक करा: नेमका तोच नंबर मागितला नाही तर पिप (पायथॉनचा इन्स्टॉलर) तो उचलत नाही. गोमध्ये रिट्रॅक्टची (व्हर्जन मागे घेतल्याचं जाहीर करायची) सोय १.१६ पासून आहे, पण ती सूचना त्याहून मोठ्या नंबराच्या व्हर्जनमध्ये लिहावी लागते, हे लक्षात असू द्या.

२.०.१ च्या जागी २०.१ गेलं, तर मागे घेऊनही ज्यांच्याकडे ते बसलंय ते तिथेच अडकतात. एपीटी (डेबियनचा अपडेट करणारा प्रोग्रॅम) आपणहून खालच्या नंबरावर जात नाही, त्यासाठी पिनची (कोणती आवृत्ती घ्यायची ते ठरवणाऱ्या सेटिंगची) प्राथमिकता १००० किंवा जास्त लागते, आणि ती प्रत्येक मशीनवर लावा असं वापरणाऱ्यांना सांगता येत नाही. डेबियनमध्ये मग दोन वाटा. ३.० चुकून गेलं आणि २.९ वर परतायचंय, तर ३.०+रिअली२.९-१ असा नंबर देता येतो. दिसतो ओबडधोबड, पण खरं ३.१ आलं की आपोआप मिटून जातो. दुसरी वाट इपॉकची: नंबराच्या आधी १ आणि विसर्गासारखी दोन टिंबं. मूळ प्रकल्पाने तारखेचे नंबर सोडून १.० पासून सुरुवात केली तर त्याशिवाय गत्यंतर नसतं, कारण २०२४०११५ च्या वर जायला १.० ला फार वर्षं लागतील. (म्हणूनच रिलीज न झालेल्या प्रकल्पाचा स्नॅपशॉट बांधताना ०~२०२४०११५ असं लिहावं.) एरवी पहिली वाटच धरा. इपॉक एकदा लावला की त्या पॅकेजच्या नंबरातून तो कधीच निघत नाही.

लावावाच लागला तर दोन गोष्टी लगेच करा. डेब फाइलच्या नावात इपॉक येत नाही, त्यामुळे १:२.०-१ आणि जुनं २.०-१ यांची फाइल एकाच नावाची होते. इपॉक बाजूला ठेवून बघितलं तरी पूर्वी वापरलेला नंबर पुन्हा येत नाही ना, हे तुमच्या तपासणीत घाला. आणि त्या पॅकेजवर अवलंबून असलेली सगळी पॅकेजेस शोधा. 'किमान २.०' अशी जुनी अट १:०.५ ने सुद्धा पुरी होते, कोणतंही साधन तक्रार करत नाही. तिथे 'किमान १:२.०' असं लिहून त्यांच्याही नव्या रिलीज काढाव्या लागतात.